शिंगाच्या इंचावर ठरणारी किंमत: परदेशी शिकार-सफारीतल्या ट्रॉफी फीबद्दल सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नान्नजच्या माळावर काळविटं बघायला येणारी मंडळी, मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतले शेतकरी, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, अधूनमधून एखादे वकील, असे सगळे हे प्रश्न विचारतात. बहुतेकांच्या मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी रँचच्या, म्हणजे पैसे घेऊन शिकार करू देणाऱ्या खाजगी रानाच्या, दरपत्रकाचा फोटो आलेला असतो. त्यात झेब्र्याला एकच दर, रानरेड्याला इंचाप्रमाणे दर, आणि यादीत मध्येच आपलं काळवीट. ते बघून माणूस चक्रावतो, आणि चक्रावायलाच हवं.

भारतात शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझं ठाम मत आहे. तरीही हे गणित समजून घेतलं पाहिजे. प्राण्याची किंमत कशावर लावली जाते, त्यावरून त्या कळपाचं पुढे काय होणार हे बरंचसं ठरतं.

टेक्सासमध्ये पैसे देऊन काळवीट मारता येतं, हे खरं आहे का?

खरं आहे. १९३२ मध्ये टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर काळविटं नेऊन सोडली गेली. कोरडी हवा, खुरटं गवत, उघडा माळ हे सगळं त्यांना मानवलं. आज तिथल्या खाजगी रँचवर त्यांचे मोठे कळप आहेत. तिथल्या कायद्यात काळवीट हे मूळचं वन्यजीव धरलं जात नाही. बाहेरून आणलेलं, जमीनमालकाच्या कुंपणातलं जनावर अशी त्याची गणना होते. म्हणून त्याला शिकारबंदीचा हंगाम नाही, किती मारायची याची सरकारी मर्यादा नाही. दर मालक ठरवतो. चांगल्या शिंगांच्या नराला साधारण दोन ते चार हजार डॉलर सांगतात, आणि शिंगं अठरा-वीस इंचांच्या पुढे गेली की वरचा टप्पा सुरू होतो. माद्यांना सहसा शिंगं नसतात, त्यामुळे त्यांचा दर यापेक्षा पुष्कळ खाली.

तोच प्राणी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत.

ट्रॉफी फी म्हणजे नेमके कशाचे पैसे?

मार्गदर्शकासह होणाऱ्या शिकार-सफारीचं बिल दोन मोठ्या भागांत असतं. पहिला भाग दैनिक दर. राहणं, जेवण, गाडी, माग काढणारी माणसं आणि परवानाधारक शिकारी-मार्गदर्शक, ज्याला तिकडे प्रोफेशनल हंटर किंवा नुसतं ‘पीएच’ म्हणतात, यांचे ते पैसे. प्राणी मिळो न मिळो, हे द्यावेच लागतात. दुसरा भाग ट्रॉफी फी. ती प्रत्यक्ष मारलेल्या प्राण्यामागे लागते, आणि पाहुणा त्या बदल्यात शिंगं, कवटी, कातडं घरी नेतो. मांस सहसा मालकाकडे किंवा गावाकडे राहतं.

याशिवाय कातडं-कवटी साफ करून पाठवण्यायोग्य करण्याचा खर्च, भुसा भरून उभं करण्याचा खर्च, जहाजाचं भाडं, सरकारी आकार, नोकरांची बक्षिसी असे फाटे फुटतात. दरपत्रकावरचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे.

गणित समजायला एक मनानं घेतलेलं उदाहरण देतो, हे कुणाचं दरपत्रक नाही. समजा रानरेड्याला ३८ इंचांपर्यंत ९,००० डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येक इंचाला ५०० डॉलर असा दर आहे. रेडा ४१ इंचांचा निघाला, तर ट्रॉफी फी १०,५०० डॉलर. दिवसाला ४०० डॉलरप्रमाणे सात दिवसांचे २,८०० वेगळे. म्हणजे तीन इंचांच्या फरकानं जवळपास चार दिवसांच्या मुक्कामाएवढे पैसे वाढले. हे तीन इंच पुढे सगळा घोळ घालतात.

सगळ्या प्राण्यांची फी आकारावरच ठरते का?

नाही. झेब्रा, जिराफ, रानडुकराच्या जातीचा वॉर्टहॉग, इम्पाला यांना बहुधा सरसकट दर असतो. ज्या प्राण्याच्या एखाद्या अवयवाची मापं नोंदवून मिरवण्याची पद्धत आहे, तिथेच टप्पे येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खाजगी रानांत केप बफेलो म्हणजे तिथला रानरेडा, आणि सेबल, रोन ही मोठ्या शिंगांची हरणं, यांची फी शिंगांच्या इंचांवर लावतात. मगरीची लांबीवर, फुटांच्या टप्प्यांत. हत्तीची सुळ्याच्या वजनावर, पौंडांत, आणि दोन सुळ्यांपैकी जड सुळा धरून. न्यूझीलंडमध्ये तांबड्या हरणाची शिंगं गुणांच्या टप्प्यांत विकली जातात: ३०० ते ३५०, ३५० ते ४०० आणि असंच वर. ते हरीणही तिथलं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वसाहतवाल्यांनी ते तिथे नेलं.

आकार मोजतात तरी कसा?

या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हाच, आणि फीचे वादही इथेच होतात.

मापाच्या तीन मोठ्या परंपरा आहेत. लंडनच्या रोलंड वॉर्ड या प्राण्यांची कातडी भरून देणाऱ्या पेढीनं १८९२ पासून जगभरच्या शिकारींची मापं छापायला सुरुवात केली. अमेरिकेत १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि मंडळींनी स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं उत्तर अमेरिकेतल्या प्राण्यांसाठी गुणांची पद्धत बसवली. तिसरी सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या संघटनेची. १९७० च्या दशकापासूनची ही पद्धत आज रँचवाले सर्रास वापरतात.

पद्धत बदलली की त्याच जनावराचा क्रमांकही बदलतो. रोलंड वॉर्डच्या हिशेबात रानरेड्याच्या शिंगांचा बाहेरून बाहेर सगळ्यात रुंद पसारा बघतात, आणि दक्षिणेकडच्या रेड्याला तिथे किमान ४२ इंच लागतात. सफारी क्लबच्या हिशेबात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणावरून टेप फिरवतात आणि कपाळावरच्या जाड गठ्ठ्याची रुंदी त्यात मिळवतात. पसरट शिंगांचा रेडा पहिल्या पद्धतीत जिंकतो. खाली खोल उतरून वर वळणाऱ्या शिंगांचा रेडा दुसऱ्या पद्धतीत पुढे जातो. म्हणून करारात नुसतं ‘४० इंच’ लिहिलं असेल, तर त्याला काही अर्थ नाही. कुठले ४० इंच हे लिहिलेलं असावं लागतं.

आपल्या काळविटाचंच घ्या. त्याचं शिंग मळसूत्रासारखं पिळाचं आणि कडीकडीचं. बुडापासून टोकापर्यंत सरळ पट्टी धरली तर एक माप येतं, पिळावरून टेप फिरवला तर त्याहून बरंच जास्त येतं. टेक्सासमधला दर ऐकून इथे कुणी ‘आपल्याकडची शिंगं त्याहून मोठी’ म्हणतो, तेव्हा दोन्ही मापं एकाच रीतीनं घेतलीत का, हे आधी विचारावं.

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं माप सगळ्यात किचकट. मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, ठरलेल्या चार ठिकाणचे घेर आणि दोन्ही दांड्यांमधलं आतलं अंतर, अशी बेरीज करतात. डावं-उजवं सारखं नसेल तर फरक वजा करून निव्वळ गुण काढतात. क्लबच्या अधिकृत नोंदीसाठी शिंगं ६० दिवस वाळू द्यावी लागतात, कारण ओली शिंगं वाळताना थोडी आकसतात. पाहुण्याचं विमान मात्र परवा असतं, म्हणून रँचवाला फी घेतो ती ओल्या मापावर, आणि बहुधा वजाबाकी न करता. थोडक्यात, पाहुणा एका आकड्याचे पैसे भरतो आणि नोंद होते त्याहून लहान आकड्याची.

सिंह-बिबट्यांच्या बाबतीत अधिकृत माप कवटीचं असतं, लांबी अधिक रुंदी. कातडं ताणलं की हवं तेवढं लांब होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटिश काळात आपल्याकडे वाघ मोजण्याच्या दोन रीती होत्या. एकीत नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून मधलं सरळ अंतर घेत, दुसरीत पाठीच्या वळणांवरून टेप दाबत नेत. दुसऱ्या रीतीनं वाघ काही इंचांनी वाढायचा. जुन्या शिकारकथांतला दहा-अकरा फुटी वाघ वाचताना हे लक्षात ठेवावं.

युरोपातही असंच आहे का?

तिथे वजनाला जास्त मान. हंगेरीत तांबड्या हरणाची फी शिंगांच्या किलोवर असते. कवटीसह शिंगं उकळून, साफ करून, २४ तासांनी काट्यावर चढवतात. छोट्या रो हरणाचे दर ग्रॅमवर, रानडुकराचे सुळ्याच्या सेंटिमीटरवर. १९३० मध्ये स्थापन झालेल्या सीआयसी या शिकार आणि वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या गुणांवरून कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी पदकंही देतात. रो हरणासाठी १०५, ११५ आणि १३० गुणांच्या पायऱ्या आहेत. काही ठिकाणी फी थेट पदकाला जोडलेली असते.

आधी गोळी, मग मोजणी. अंदाज चुकला तर जादा पैसे कोण भरतो?

बहुतेक करारांत पाहुणाच भरतो. जिवंत जनावराचं माप अंदाजानंच काढायचं असतं. रानरेड्याचे कान आडवे पसरलेले असताना टोकापासून टोकापर्यंत किती भरतात हे मार्गदर्शकाला माहीत असतं. शिंगं कानांच्या बाहेर किती डोकावतात त्यावरून तो इंच सांगतो. कुडू या पिळाच्या शिंगांच्या आफ्रिकी हरणात तो पिळाची वळणं मोजतो. तेही झुडपाआडून, अपुऱ्या उजेडात, जनावर मान वळवण्याच्या आत.

आता यातला पेच बघा. माप सांगणारा माणूस रँचच्या पगारावर आहे. त्यानं ‘३८ च्या आतला आहे’ म्हटलं आणि रेडा ४१ चा निघाला, तर त्याच्या मालकाचा फायदा होतो. बहुतेक मार्गदर्शक प्रामाणिक असतात आणि नावाला जपतात, यात शंका नाही. पण व्यवहाराची बांधणीच अशी आहे की चुकीचा भार एकाच बाजूवर पडतो. काही रँच आधीच कमाल रक्कम बांधून देतात, त्यापुढे मोजलं गेलं तरी पैसे वाढत नाहीत. माझ्या मते आकारावर फी घेण्याची तेवढीच न्याय्य रीत आहे.

जखमी होऊन पळालेल्या प्राण्याची फी लागते का?

पूर्ण लागते. रक्ताचा थेंब दिसला की प्राणी मारला असं धरतात. मग माप कशाचं घ्यायचं? तिथे मार्गदर्शकाचा अंदाज किंवा करारातला ठरीव टप्पा लावतात. हा नियम कडक आहे, आणि तो कडकच असायला हवा. नाहीतर माणसं लांबून बेदरकारपणे गोळ्या झाडतील आणि जनावरं झुडपात तडफडत राहतील.

टांझानिया, झांबियासारख्या देशांत सरकारी रानांतही इंचावर दर असतो का?

सहसा नाही. तिथे रान सरकारचं, प्राणीही सरकारचा. कुठल्या भागात कुठल्या जातीचे किती मारायचे याचा कोटा सरकार ठरवतं, आणि बहुतेक जातींची फी यादीत सरसकट असते. आकार येतो तो किमान मर्यादा म्हणून. टांझानियात हत्तीचा सुळा किमान २० किलो वजनाचा किंवा १६० सेंटिमीटर लांबीचा असावा असा नियम आहे.

जिथे जनावराला खाजगी मालक आहे, तिथेच इंचाचा दर फोफावतो. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्यानं पक्क्या कुंपणातल्या वन्यप्राण्यांवर मालकी हक्क मान्य केला, आणि त्यानंतर रानरेडे, सेबल पाळणं हा मोठा धंदा झाला. मालकाला प्रत्येक रेडा ओळखू येतो, त्याची शिंगं तो दरवर्षी मोजतो, आणि तयार माल असल्यासारखा त्याला टप्प्यात टाकतो.

मोठ्या शिंगाला जास्त पैसे घेतले तर बिघडलं कुठे? जास्त पैसे म्हणजे जास्त संवर्धन, नाही का?

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि वरवर पटतोही. म्हणून सविस्तर लिहितो.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या बिगहॉर्न या रानमेंढ्यांवर १९७० च्या दशकापासून सलग नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. नियम असा होता की शिंगांचं वळण ठरावीक इतकं पूर्ण झालं की तो एडका मारायला मोकळा. ज्याची शिंगं झपाट्यानं वाढतात तो चौथ्या-पाचव्या वर्षीच त्या मापात बसायचा आणि मारला जायचा. एडक्यांचं प्रजननाचं भराचं वय त्यानंतर येतं. म्हणजे मोठ्या शिंगांचे नर बाप होण्याआधीच संपत होते आणि आखूड शिंगांचे मागे राहून वंश चालवत होते. डेव्हिड कोल्टमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की साधारण तीस वर्षांत त्या कळपातल्या नरांची शिंगं आणि वजन दोन्ही घटत गेले. यात वारशाचा वाटा किती आणि चाऱ्याचा, दाटीचा किती, यावर पुढे बरेच वाद झाले. पण माप हीच अट ठेवली की माप वाढवणारी रक्तं आधी जातात, हा धोका कुणी नाकारलेला नाही.

कुंपणातल्या रानात उलटं होतं. तिथे मोठी शिंगं मरू देत नाहीत, पैदाशीला ठेवतात. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘होरायझन’ नावाच्या एका रानरेड्याचा चौथा हिस्सा ४.४ कोटी रँडला (रँड हे तिथलं चलन) विकला गेला, म्हणजे अख्ख्या रेड्याची किंमत १७.६ कोटी रँड धरली. कशासाठी? शिंगांच्या पसाऱ्यासाठी. असं झालं की निवड सिंहाच्या हातून सुटते आणि टेपच्या हाती जाते. पाय, दम, रोगाशी झुंजण्याची ताकद, दुष्काळात तगण्याची कुवत यांचा दरपत्रकात रकानाच नसतो. वन्यप्राणी म्हणून त्याला जे काही करता यायला हवं, ते सगळं हळूहळू दुय्यम होत जातं. मला या सगळ्या प्रकारात हेच सर्वांत जास्त खटकतं.

मग दर कशावर असावा?

शिकार चालूच राहणार असेल तर वयावर. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल घेताना जाणता माणूस आधी तोंड उघडून दातांवरून वय बघतो, दोनदाती आहे, चौसा आहे की जुळलेला. शिंगांकडे नजर नंतर जाते. रानातही तेच व्हायला हवं.

हे नुसतं माझं मत नाही. सिंहाच्या कळपातला जम बसलेला नर मारला की नवे नर येतात आणि आधीच्या नराचे छावे मारतात. एका गोळीत एक सिंह जात नाही, पिढी जाते. टांझानियातल्या सिंहांवर काम करणाऱ्या क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं की फक्त पाच-सहा वर्षांवरचे नर मारले तर कळपाची संख्या फारशी ढळत नाही, कारण त्या वयापर्यंत त्यांची एक पिढी वाढून गेलेली असते. वय ओळखायची एक खूणही त्यांनी दिली: सिंहाचं नाक वयाबरोबर काळं पडत जातं. मोझांबिकच्या नियासा रानात यावर गुणपद्धत बसवली. सहा वर्षांवरचा सिंह आणला तर गुण मिळतात, कोवळा मारला तर पुढच्या वर्षीच्या कोट्यात कपात होते. टांझानियानंही सहा वर्षांची अट घातली.

रानरेड्यातही जाणते मार्गदर्शक हेच सांगतात. कपाळावरचा गठ्ठा पूर्ण कडक झालेला, टोकं झिजलेली, कळप सोडून एकटा हिंडणारा म्हातारा रेडा निवडावा. त्याची शिंगं झिजल्यामुळे बहुतेक वेळा ३६-३७ इंचच भरतात. इंचाच्या दरपत्रकात तो सगळ्यात स्वस्त, आणि गठ्ठा अजून मऊ असलेला पसरट शिंगांचा तरणा रेडा महाग. मग जास्त मोल मोजणारा पाहुणा कुणाकडे बोट दाखवणार?

हे पैसे तिथल्या गावांना मिळतात का?

ठिकाणागणिक उत्तर बदलतं. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तान आणि चित्रालच्या डोंगरांत मारखोर या पिळाच्या शिंगांच्या रानबोकडाचे मोजकेच परवाने दरवर्षी लिलावात निघतात. फीतला ८० टक्के वाटा स्थानिक समाजाला आणि २० टक्के सरकारला जातो. २०१९ मध्ये एका परवान्याला १,१०,००० डॉलर आले होते. चोरटी शिकार थांबवण्यात गावाचा स्वतःचा फायदा दिसू लागला, आणि २०१५ मध्ये मारखोर धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गातून कमी धोक्याच्या वर्गात आला. तिथेही इंचांवर टप्पे नाहीत, परवाना अख्ख्या प्राण्याचा.

नामिबियात १९९६ च्या कायद्यानंतर गावांनी आपापल्या संवर्धन संस्था नोंदवल्या. शिकारीचं उत्पन्न आणि मांस त्यांच्याकडे जातं. खाजगी रँचवर मात्र पैसा मालकाचा, गावाला मिळते ती मजुरी.

केनियानं १९७७ मध्येच शिकार बंद केली आणि जंगल बघायला येणाऱ्यांवर भिस्त ठेवली. दोन्ही वाटांनी चालणारे देश आहेत. माझा कल केनियाकडे आहे.

आमच्या ज्वारीत, हरभऱ्यात काळविटांचे कळप शिरतात. असा परवाना इथे दिला तर आम्हालाही चार पैसे मिळतील. काय हरकत आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग मला समजतो. रात्र रात्र राखण करून सकाळी अर्धा पट्टा खाल्लेला बघणं सोपं नाही. माळढोक अभयारण्याच्या निमित्तानं सोलापूर आणि नगरच्या शेतकऱ्यांनी फार सोसलंही आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचं कागदावरचं क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं. शेतं, गावं सगळी त्यात. पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण मधली तीसेक वर्षं जमिनींच्या व्यवहारांवर त्याचं सावट राहिलं.

तरीही परवान्याला माझा विरोध आहे. पहिलं, कायदा. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा बरा न होण्याइतका आजारी, जायबंदी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. पीक खाल्लं हे कारण तिथे चालत नाही. रानडुकरांसाठी वन विभाग परवाने देतो ते याच कायद्यातल्या वेगळ्या तरतुदीखाली. काळविटाला ती लागू नाही.

दुसरं, टेक्सासचं काळवीट कुंपणात आहे आणि आपलं मोकळ्या माळावर. ते आज नान्नजला, उद्या मार्डीच्या शिवारात, परवा आणखी कुठे. मग फी कुणाची? ज्याच्या शेतात पडलं त्याची, की ज्याच्या शेतात ते वाढलं त्याची? कुंपण घालून मालकी ठरवायची, तर आधी माळच मोडावा लागेल.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या माळावर लांडगा आहे. त्याचं रानातलं भक्ष्य कमी झालं की तो शेळ्या-मेंढ्यांकडे वळतो आणि भार धनगरांवर पडतो. आणि शिंगावर दर लावला की आधी जाणार तो कळपाचा काळाकुळकुळीत, भरदार शिंगांचा नर, माळावर आपली जागा धरून माद्यांना बोलावणारा.

शेतकऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, पण ते जिवंत काळविटाचे. हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. नुकसान दिसताच, तीन दिवसांच्या आत, जवळच्या वनपाल किंवा वनरक्षकाकडे लेखी तक्रार द्या, पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नका आणि सातबारा जवळ ठेवा. भरपाईची रक्कम पुरेशी नाही, पंचनाम्याला उशीर होतो, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यासाठी भांडायला हवं. माळ बघायला येणाऱ्यांकडून मिळणारा पैसा कडेच्या गावांतल्या तरुणांना वाटाडे म्हणून, न्याहारीची सोय करणारे म्हणून मिळाला, तर काळविटाकडे बघण्याची नजर बदलते.

बंदी मोडली तर शिक्षा काय?

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. मारणारा जसा गुन्हेगार, तसा फासे लावणारा आणि मांस विकत घेणाराही अडकतो.

परदेशात कायदेशीर शिकार केली तर ट्रॉफी भारतात आणता येईल का?

विमानातून बॅगेत घालून आणण्यासारखी ही वस्तू नाही. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी असेल, तर निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं या करारासाठी आपल्या वन्यजीव कायद्यात स्वतंत्र प्रकरणच आलं आहे. शिवाय सीमाशुल्क आणि परकीय व्यापाराचे नियम वेगळे. कागद पुरे नसतील तर माल जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होतो. रँचवाला ‘आम्ही पाठवून देऊ’ म्हणाला तरी त्याचा शब्द इथल्या कायद्याला बांधील नाही.

आमच्या जुन्या वाड्यात पणजोबांच्या वेळची काळविटाची शिंगं भिंतीवर आहेत. ठेवली तर चालतील का?

जिल्ह्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत हा प्रश्न आहे. १९७२ च्या आधीची शिंगं, कातडी असली तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये नियम करून अशा वस्तू जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली होती. त्या वेळी घरच्यांनी अर्ज केला होता का, प्रमाणपत्र मिळालं होतं का, हे आधी शोधा. जुन्या कागदांच्या पेटीत ते सापडण्याची शक्यता असते. प्रमाणपत्र असेल आणि वस्तू वारशानं तुमच्याकडे आली असेल, तर वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत ती जाहीर करायची असते.

विकणं तर सोडाच, किंमत विचारायलाही जाऊ नका. शिंगांचा फोटो टाकून ‘किती येतील’ असं विचारणारे संदेश फिरत असतात. त्यांना उत्तर दिलंत तर विक्रीचा प्रयत्न म्हणून ते तुमच्यावरच शेकू शकतं. कागद सापडत नसतील तर शिंगं जाळू नका, पुरू नका, पाहुण्याकडे पाठवू नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि सोलापूरच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज देऊन वस्तू शासनाकडे जमा करण्याची तयारी दाखवा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायला विसरू नका.